सुकेशनीचं भुरं आभाळ

सुकेशनी,

तुझ्या फलकावर मी 'डॉ.' छापू दिलं नाही. आपल्या घरात गोष्ट बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत बदलते, म्हणून ही मी स्वतः सांगते, आणि माझ्या बाजूनं सांगते. तुझ्या दादाची बाजू वेगळी आहे. तीही पुढे येईल.

तू गेलीस त्याच आठवड्यात उत्तममामा सकाळी सकाळी आले. तुझे सख्खे मामा आणि विहार समितीचे अध्यक्ष, त्यामुळे तुझ्यामागच्या पुण्यानुमोदनाचा सगळा कार्यक्रम त्यांनी आपल्या अंगावर घेतला होता. बूट काढता काढताच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फ्लेक्सचा नमुना होता. कडेला कमळं, मागे उगवता सूर्य, मधोमध तुझा पासपोर्टचा फोटो, जो पाहून तूच म्हणायचीस की ही बाई बँक लुटून आलेली दिसते. खाली मोठ्या अक्षरांत: 'अजिंठा चित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक कालकथित डॉ. सुकेशनी यांना भावपूर्ण आदरांजली'.

मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. एका ओळीत दोन चुका होत्या.

"मामाजी, ती डॉक्टर झाली नव्हती."

"झालीच असती न वो सूनबाई. काय राहिलं होतं?"

"पाचवं प्रकरण राहिलं होतं. मग तपासणी, मग तोंडी परीक्षा."

"अवो, म्हणजे झालीच न!"

"मामाजी, गाडी यार्डाच्या सिग्नलबाहेर उभी हाये तोपर्यंत मी ती आली म्हणून लिहीत नाही. मंग ती पाच मिनिटांनी येवो की कधीच न येवो."

चरोद्याच्या रेल्वे यार्डात वॅगनांची आकडेवारी ठेवणारी बाई घरात सून म्हणून आली की काय होतं, हे मामांना वीस वर्षांत कळलेलं आहे. ते तुझ्या दादाकडे वळले. दादा खिडकीपाशी बसला होता. तो बाहेरच पाहत राहिला. त्याला 'डॉ.' हवं होतं, ते मला त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"अन् हे अजिंठा कोणी टाकलं?" मी विचारलं.

"मीच टाकलं. लोकाइले हॉलंडचे डच चित्र म्हणजे काय समजते? तिथंबी भिंतीवरचे चित्र, इथंबी भिंतीवरचे चित्र. आपल्या बुद्धाचं नाव येते, पोरीचं बी नाव होते. कोणाचं काय बिघडते?"

"ती अजिंठ्याले कधी गेलीबी नाही."

"शाळेच्या सहलीत गेली असन."

तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. तू गेल्यापासून त्या फारशा बोलत नव्हत्या, म्हणून आम्ही तिघंही दचकलो. "नाही गेली. त्या सहलीच्या टायमाले गोवर निघाला होता तिले. घरीच होती."

मामांनी मोबाईल खिशात ठेवला. पण त्यांनी हार मानली असं समजू नकोस.

तू नसताना तुझ्याबद्दल किती जणांना किती गोष्टी ठाऊक आहेत, ते ऐकून तू चाट पडली असतीस. शेजारच्या बाईंना ठाऊक आहे की तू जुन्या रंगातल्या शिशानं गेलीस. तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला ठाऊक आहे की तिकडची थंडी तुला बाधली. एका नातेवाइकाला ठाऊक आहे की इतकं शिकलं की डोक्यावर ताण येतो. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते. शिशाचं काम तू तिकडच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून करायचीस, तुझं रक्त नियमित तपासलं जायचं, ते रिपोर्ट तू मला पाठवायचीस कारण मी मागायची, आणि त्यांत एकदाही काही निघालं नाही. इथं, आपल्या घरच्या ओट्यापाशी उभी असताना डोकं दुखतं म्हणालीस आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेलीस. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली. ती भिलाईत राहून शिवणकाम करणाऱ्या बाईचीही फुटते. तुझ्या विषयाला मी तुझ्या मरणाचं कारण होऊ देणार नाही.

विषयाबद्दल पहिली शंका मात्र माझीच होती. खोटं कशाला बोलू. तू रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालीस, मग जुन्या चित्रांची निगा राखण्याचा तो कोर्स केलास, आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणालीस की हॉलंडच्या जुन्या घरांतल्या शोभेच्या चित्रांवर पीएच.डी. करायची आहे.

"कसली चित्रं?"

"भिंतभर असतात वहिनी. आपण भिंतीले डिस्टेंपर लावतो न, तसे ते पैसेवाले लोक भिंतीले चितारलेलं कापड लावत. पूर्ण खोलीले. झाडं, तलाव, गाई, आभाळ. दाराच्या वरती बी एक चित्र राहते, दगडात कोरल्यासारखं."

तू मोबाईलवर एक फोटो दाखवलास. दारावर संगमरवरात कोरलेली गुबगुबीत मुलं द्राक्षं खात होती. आईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगलं प्लास्टर केलं हाये. तू टाळी वाजवलीस. ते प्लास्टर नव्हतं, दगडही नव्हता. सपाट कापड होतं, त्यावर पांढऱ्या-करड्या रंगात दगड चितारला होता, आणि सावल्या अशा धरल्या होत्या की जणू त्या खोलीच्या खऱ्या खिडकीतूनच उजेड येतोय. "तीनशे वर्षांनी बी माह्या मायले फसवलं त्यानं," असं म्हणून तू हसत राहिलीस.

"पण कावून वो?" मी विचारलं. "आपलं काय हाये त्यात?"

"मले आवडते."

एवढंच उत्तर. मला ते अपुरं वाटलं होतं. आवड हे कारण म्हणून कोणत्या रकान्यात लिहायचं, असं मी म्हणालेही. मग त्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीहून तू घरी आलीस आणि जे सांगितलंस, त्यानंतर मी हा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. समोरच्या गृहस्थांनी तुझं नाव पाहिलं, गाव पाहिलं, अर्जावरचा प्रवर्ग पाहिला आणि अगदी मायेनं म्हणाले, तुमच्यासारख्या मुलीनं आपल्या समाजाच्या कलेवर काम करायला नको का? तू त्यांना विचारलंस, सर, तुमचा विषय? ते म्हणाले, ग्रीक नाटक. तू म्हणालीस, मग सर, तुम्ही ग्रीक कधी झालात?

ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडची मिळाली. पण त्या दिवशी पोहे खाताना तू तो प्रसंग दोनदा सांगितलास, आणि तुझा दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. आता तोच दादा अजिंठ्याच्या फ्लेक्सपुढे गप्प बसला होता. मला त्याचा राग आला, आणि रागावल्याबद्दल वाईटही वाटलं. तू बहीण त्याची. माझी कोण होतीस, याला आपल्या नात्यांत नणंद एवढाच शब्द आहे, आणि तो ऐकला की लोकांना भांडणंच आठवतात. भांडणं होतीच. सांगते.

सुट्टीत आलीस की आपल्या क्वार्टरचं मागचं अंगण तुझ्या ताब्यात जायचं. दुर्गच्या तेलघाणीवरून जवसाचं तेल आणायचीस, कढईत गरम करायचीस, आणि घरभर तो वास. आई म्हणायच्या, चटणी कर न त्या जवसाची, खायच्या कामी तरी येईन. निळ्या काचेची पूड तू काचेच्या पाट्यावर तेलात घोटायचीस. स्माल्ट म्हणतात त्या पुडीला, हे मी तुझ्याकडून शिकले. काच वितळवताना तिच्यात कोबाल्ट घालतात, ती गर्द निळी होते, मग तिची पूड करून रंगासारखी वापरतात. त्या काळी स्वस्त होती, म्हणून मोठमोठी आभाळं तिच्यातच काढायचे. तो रंग तू लहान लहान फळ्यांवर लावून त्या दोरीला टांगून वाळवायचीस, माझ्या उशांच्या अभ्र्यांशेजारी.

आणि मग ती गंमत झाली. त्यांतल्या काही फळ्या तू परत जाताना घेऊन गेलीस आणि तिकडून फोन आला. तू इतकी हसत होतीस की आधी मला वाटलं रडतेस. सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्या कोवळ्या निळ्या रंगात काळे-तांबडे चकचकीत कण निघाले होते. तुझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे तू काय मिसळलंस? कोणत्याच जुन्या कृतीत हे नाही. आपल्या पोलाद कारखान्याची धूळ होती. आपण जी रोज सकाळी गॅलरीतून झाडतो, ओट्यावरून पुसतो, आणि आहे हे विसरून जातो. भिलाईत वाढलेल्या माणसालाच सुचणार नाही की ओला रंग उघड्यावर ठेवू नये. "त्या फळ्या गेल्या कचऱ्यात?" मी विचारलं. "एक ठेवली," तू म्हणालीस. "बाईंनी ती वर्गात दाखवायले ठेवून घेतली. प्रयोग करताना हवा कुठली हाये हे बी पाहा म्हणून."

तुझं काम मला समजायला लागलं ते मोजायला बसल्यावर. तू त्या एका घराच्या एका खोलीच्या मागे लागली होतीस. कालव्याकाठचं घर, आता संग्रहालय झालेलं. चारही भिंतींवर चितारलेलं कापड. अरुंद मागावर विणलेल्या पट्ट्या एकमेकींना शिवलेल्या, त्यावर सरसाचा हात, त्यावर तांबड्या मातीचा थर, त्यावर करडा, आणि मग चित्र. या भिंती कारखान्यात केल्यासारख्या व्हायच्या, असं तू सांगितलंस. एकजण फक्त झाडं काढणार, एकजण गाई-माणसं, एकजण आभाळ. कुणाचंही नाव नाही. मला ते लगेच पटलं. मी म्हटलं, म्हणजे शिफ्टमध्ये काढलेली चित्रं. "हाव, अगदी तसंच," तू म्हणालीस, आणि त्या दिवसापासून आपण त्याला आभाळवाला म्हणायला लागलो.

आभाळवाल्याचं आभाळ आता भुरं आहे. पाऊस येईल असं नाही, धुतलेल्या फडक्यासारखं भुरं. पुष्कळ वर्षं लोक समजत होते की हॉलंडची हवाच तशी, म्हणून त्यानं तसं काढलं. तू खसखशीच्या दाण्याहून लहान तुकडा घेतलास, तो पारदर्शक राळेत बसवून घासलास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर पाहिलेस. आभाळाच्या थरात काचेचे कण होते. बहुतेक बिनरंगी. काही मात्र, जिथे शिशाचा पांढरा रंग भरपूर होता तिथे, अजून निळे. आणि यंत्र सांगत होतं की बिनरंगी कणांतही कोबाल्ट आहे. म्हणजे ते आभाळ निळं होतं. सगळं निळं होतं.

ते कण मोजायचे होते, फोटोंवरून. मी तुला सांगितलं की आमच्या यार्डात एकच माणूस मोजत नाही. दोघं मोजतात, वेगवेगळे, एकमेकांना न विचारता, आणि आकडे जुळले नाहीत तर दोघंही परत मोजतात. तू म्हणालीस, मग तूच बस. जेवणाच्या टेबलावर तू त्या बाजूला, मी या बाजूला. पहिल्याच फोटोला आपले आकडे जुळले नाहीत.

"वहिनी, कडेवरचे अर्धे कण तू धरलेच नाहीस."

"अर्धी वॅगन नसते."

"काचेचा कण अर्धा असते वो!"

मग नियम ठरवला: डाव्या आणि वरच्या कडेचे धरायचे, उजव्या आणि खालच्या कडेचे सोडायचे. तू तो नियम पद्धतीच्या प्रकरणात लिहिलास आणि खाली माझं नाव घातलंस. मी म्हटलं, काढून टाक, लोक हसतील. तू काढलं नाहीस. आता तुझ्या मार्गदर्शक बाईंचा निरोप आला आहे की पूर्ण झालेली चार प्रकरणं जशी आहेत तशी विद्यापीठात जपून ठेवतील, पाचवं नाही असं स्पष्ट लिहून. मी उत्तर पाठवलं, हेच योग्य आहे. लोक मला येऊन म्हणतात, बिचारीचं अर्धवट राहिलं. मी म्हणते, चार पूर्ण आहेत. तुमची किती आहेत?

भांडण झालं ते पाचव्या प्रकरणावरून. संग्रहालयवाल्यांनी ठरवलं होतं की भिंतीला हात न लावता, समोरून निळा उजेड टाकून आभाळ पूर्वी होतं तसं दाखवायचं. त्यांनी तुझं मत मागवलं. तुझं मत होतं, नको, आणि तेच तू पाचव्या प्रकरणात मांडणार होतीस.

मी म्हटलं, "कावून नको? निळं होतं हे तूच सिद्ध केलं न?"

"होतं. आता नाही. उजेड टाकला की लोक निळं पाहतील, फोटो काढतील अन् जातील. जी भिंत तिथं खरोखर उभी हाये ती कोणी पाहणारच नाही. भुरं होणं बी त्या रंगाचंच काम हाये वहिनी. काच तिथंच हाये, तेल तिथंच हाये. त्या दोघांनी मिळून तीनशे वर्षांत जे केलं ते मी झाकू कावून?"

"अन् आभाळवाला? त्यानं जिंदगीभर निळं काढलं. त्याच्या नावावर भुरं लिहून ठेवलं हाये. ते दुरुस्त नको करायले?"

"नावच नाही त्याचं."

"म्हणून तर!"

तू चिडलीस. मीही चिडले. तू म्हणालीस, तुला सगळं टॅली झालेलं पाहिजे. मी म्हणाले, तुला जुनं ते चांगलं वाटायला लागलं आहे, तिकडच्या लोकांसारखं. हे मी बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपण एकमेकींना बोलण्यात कधी काटकसर केली नाही, आणि तू दुसऱ्या मिनिटाला माझ्याकडे कणकेचं ताट सरकवून म्हणालीस, मळ, हात दुखून राहिले माझे.

वाद तिथेच राहिला.

आता कार्यक्रमाचं. विहारात खुर्च्या कमी पडल्या. रेल्वे कॉलनीतले आले, कारखान्याच्या सेक्टरांतले आले, जामुलहून तुझ्या मावशीकडचे आले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मेणबत्त्या लागल्या, फोटोला फुलं वाहिली. फ्लेक्सवर मामांनी शेवटी फक्त तुझं नाव ठेवलं होतं. 'डॉ.' नव्हतं, अजिंठा नव्हता. मी म्हटलं, चला, संपलं. पण माईक तर मामांच्याच हातात होता. पहिल्याच वाक्यात ते म्हणाले, "आमच्या भाचीनं अजिंठ्याचं नाव हॉलंडले पोचवलं."

लोकांनी माना डोलावल्या. मी तुझ्या दादाकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. पुढचे वक्तेही अजिंठाच बोलले. तिसऱ्यानं तर तू तिथे लहानपणी तासन्‌तास उभी राहायचीस असंही सांगितलं. आई माझा हात धरून बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "गोवर होता वो तिले."

मी उठले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं. मामा म्हणाले, सूनबाई, बाद में, बाद में. मी माईक घेतला. मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणाले:

"सुकेशनी डॉक्टर नव्हती. होणार होती. तिनं अजिंठ्यावर काम केलं नाही. तिनं हॉलंडच्या श्रीमंत लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतल्या चित्रांवर काम केलं. त्यात आपला बुद्ध नाही, आपलं गाव नाही, आपली माणसं नाहीत. तिले ते आवडत होतं. आपल्या पोरीनं काय आवडून घ्यावं याची परवानगी तिनं कोणाले मागितली नाही अन् मी आज तिच्या वतीनं मागत नाही. जे तिनं केलं ते मोठं हाये. त्याले दुसऱ्या कशाचं नाव द्यायची गरज नाही."

मला वाटलं आता मामा माईक काढून घेतील. तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज आला. तुझ्या बाबांबरोबर कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते ते रामटेके काका. "मंग केलं काय तिनं? ते तर सांग."

म्हणून मी सांगितलं. कापडाच्या पट्ट्या, सरस, तांबडी माती. झाडंवाला, गाईवाला, आभाळवाला. निळ्या काचेची पूड आणि जवसाचं तेल. जवस म्हटल्यावर बायका पुढे सरकून बसल्या. आणि मग ते भुरं आभाळ.

"मंग तो निळा गेला कुठं?" काकांनी विचारलं.

"कुठं गेला नाही. काचेतला एक क्षार हळूहळू तेलात उतरते. कोबाल्ट तिथंच राहते, पण मग त्याचा निळा दिसत नाही."

"म्हणजे भट्टीतल्या विटेसारखं. वीट दिसते तशीच, अंदरसे बदल जाती है."

"हाव काका."

आणि मग मी आपलं भांडणही सांगितलं. उजेडाचं. तुझी बाजू तुझ्याच शब्दांत सांगितली, जितके आठवले तितके, एकही सोयीनं न बदलता. माझी बाजूही सांगितली. वाटलं होतं लोक ऐकून घेतील आणि चहाला उठतील. सुकेशनी, ते भांडायला लागले.

रेल्वे कॉलनीतल्या कुसुमबाई म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या साडीचा रंग उडाला, तरी मी तेच नेसतो. तिच्यावर निळा बल्ब कायले लावू?" तिकडून कुणी म्हणालं, "साडी तुमची हाये बाई, आभाळ त्या कारागिराचं हाये. त्याले विचारा!" तुझा आतेभाऊ हिंदीत सुरू झाला की दिवसातून एक तास उजेड लावा, बाकी वेळ बंद, दोनो पार्टी खुश. त्याला सगळ्यांनी मिळून बसवलं. आणि मामा! ज्या माणसानं लोकाइले डच काय समजते म्हणून अजिंठा छापायला दिला होता, ते खुर्चीवरून उठून ओरडत होते, "भुरं हाये तर भुरंच दाखवा! आपण आपलं म्हातारपण झाकतो काय?" त्यांनी केसांना कलप लावलेला होता. कुणीतरी ते मोठ्यानं बोललं. विहारात हशा झाला. भन्तेजीसुद्धा हसले. आई हसल्या, तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग तुझा दादा उभा राहिला. हशा थांबला. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "एक मिनिट. तू माझ्या बहिणीच्या नावापुढे दोन अक्षरं लावू दिली नाहीस. नाही ते दाखवायचं नाही म्हणालीस. अन् तिथं मात्र नाही तो निळा दाखवा म्हणतेस? हे कसं काय?"

इतके दिवस पोटात ठेवलेलं त्यानं सगळ्यांसमोर काढलं. बरं झालं काढलं. मला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण त्यानं प्रश्न विचारला होता आणि उत्तर द्यायला हवं होतं.

"निळा तिथं होता," मी म्हणाले. "आपण मोजला. तिनं मोजला, मी मोजला. डॉक्टर तिथं नव्हतं. ते व्हायच्या आधी ती गेली. ते तिचं कोणी नेलं असन तर मरणानं नेलं, अन् मी मरणाची चूक आपल्या हातानं झाकून देणार नाही. लोकाइले दिसू दे काय राहिलं ते."

तो उभाच होता. मग म्हणाला, "ती तुझ्याविरुद्ध होती न पण? उजेडाच्या बाबतीत?"

"हाव."

"मंग मी तिच्या बाजूनं," असं म्हणून त्यानं हात वर केला.

त्याच्यामागे आणखी हात वर झाले. मी म्हटलं, असं नाही चालणार, नीट घेऊ. आधी भुऱ्यासाठी हात. रामटेके काका एका बाजूनं मोजत आले, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आकडा मधे येऊन जुळवला. मामांनी दोन्ही हात वर केले होते, एकच धरला. भुऱ्याला एकतीस. मग निळ्यासाठी. चोवीस.

तू जिंकलीस. लोक चहाला उठले तरी वाद चालूच होता. दारापाशी चपला घालता घालता कुसुमबाई कुणाला तरी जवसाच्या तेलाचं समजावत होत्या आणि त्या खोलीचा फोटो मागायला चार जण माझ्याकडे आले.

घरी येताना आई स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू कोणाच्या बाजूनं हात केला वो?"

"निळ्याच्या."

"आजच्या दिवशी बी? गेलेल्या माणसासंगं वाद घालू नये माय."

"मंग तिनं जिवंतपणी पटवून द्यायले पाहिजे होतं," मी म्हटलं.